रेडिओ-नियंत्रित ग्लायडर स्पर्धेत उतरण्यापूर्वी: मुंबईतील नवोदितांसाठी परवानगी, साहित्य आणि सुरक्षेचे नियम

मुंबईत ग्लायडर उडवू पाहणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने सुरुवात करतात. आधी मॉडेल विकत घेतले जाते, मग मैदानाचा शोध सुरू होतो, आणि परवानगीचा विषय मैदानावर कोणीतरी हटकल्यावरच निघतो. स्पर्धेचे नियमही असेच, दंडाचे गुण कापले गेल्यानंतर वाचले जातात. हा क्रम सुलटा केला तर पैसे वाचतात, मनस्ताप वाचतो आणि मैदानावर उभ्या असलेल्या इतरांची डोकीही सुरक्षित राहतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी ती ओलांडून पुढे जाऊ नये.

१. आधी आकाश पाहावे, मग ग्लायडर

‘हा ड्रोन नाही, साधे मॉडेल आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत वैमानिकाविना उडणारे आणि दुरून नियंत्रित होणारे प्रत्येक विमान येते, त्याला मोटर असो वा नसो. दिलासा एवढाच की, एकूण २५ किलोपर्यंत वजनाचे, केवळ शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी वापरले जाणारे आणि डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर उडवले जाणारे मॉडेल याच नियमांत वेगळे ओळखले गेले आहे व त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे बनावटीचे मान्यतापत्र, लागत नाही. नोंदणी आणि तिच्यासोबत मिळणारा यूआयएन, म्हणजे मॉडेलचा स्वतंत्र ओळख क्रमांक, यांतून मात्र सुटका नाही.

वजनाचे गट नीट समजून घ्यावेत, कारण पुढे मॉडेल निवडताना तेच कामी येतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो आणि २ ते २५ किलो स्मॉल. व्यावसायिक हेतू नसेल तर नॅनो आणि मायक्रो गटासाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. तृतीय पक्ष विम्यातून सूट फक्त नॅनो गटाला आहे. येथे वजन म्हणजे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन. वारा वाढला म्हणून आत बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवणाऱ्या, सळ्या घातल्या आणि काटा २ किलोंच्या पुढे गेला, तर मॉडेल त्या क्षणी वरच्या गटात गेले असे समजावे.

आता उंचीचा प्रश्न, आणि नवोदित सर्वाधिक अडखळतात ते येथेच. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या हरित क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून वर किंवा त्याहून जवळ जायचे तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारचीच. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी, नवी मुंबईचा नवा विमानतळ, नौदलाची ठाणी आणि तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र एकाच नकाशावर मांडून पाहावे. मुंबई बेटावर मोकळे आकाश जवळजवळ उरत नाही. शिवाजी पार्क किंवा ओव्हल खाली कितीही मोकळे दिसले, तरी त्यांच्या वरचे आकाश आपले नाही. डिजिटल स्काय नकाशा प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी नव्याने उघडून पाहावा, कारण क्षेत्रे तात्पुरती बदलता येतात.

याखेरीज मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवर चालणारी हलकी विमाने यांचा एकत्र उल्लेख असतो. नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणून असा आदेश लागू होत नाही, असे मुळीच नाही. तेव्हा आयोजकांना पहिला प्रश्न विचारावा तो परवानगीच्या प्रतीचा, बक्षिसांचा नंतर.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी:

– यूआयएन नोंदणीची प्रत, आणि तोच क्रमांक मॉडेलवर ठळकपणे लावलेला;
– तृतीय पक्ष विम्याची पावती, जेथे लागू असेल तेथे;
– ओळखपत्र, तसेच उडवणारा अल्पवयीन असल्यास पालकांचे संमतीपत्र;
– जागामालकाचे, ग्रामपंचायतीचे किंवा संस्थेचे ना-हरकत पत्र;
– स्थानिक पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच;
– आंतरराष्ट्रीय दर्जाची स्पर्धा असल्यास क्रीडा परवाना, जो आपल्याकडे एरो क्लब ऑफ इंडियामार्फत मिळतो.

२. स्पर्धेचा प्रकार ठरवावा

जागतिक पातळीवर या खेळाचे नियम एफएआय ही संघटना तिच्या सीआयएएम या एरोमॉडेलिंग समितीमार्फत ठरवते. नियमपुस्तक संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. जुनी प्रत डाउनलोड करून ठेवलेली असेल तर ती बाजूला सारून चालू वर्षाची वाचावी. प्रकार बरेच आहेत, परंतु मुंबईकराच्या कामाचे चारच.

एफ३के हा हाताने फेकण्याचा प्रकार आहे. पंखांचा विस्तार जास्तीत जास्त दीड मीटर आणि वजन ६०० ग्रॅमपर्यंत. प्रत्यक्षात चांगली मॉडेले त्याच्या निम्म्याहूनही हलकी असतात. पंखाच्या टोकाला बसवलेली खुंटी बोटांत धरून, थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन मॉडेल फेकले जाते. एफ३एल हा लाकडी बांधणीच्या दोन मीटरपर्यंतच्या ग्लायडरांचा प्रकार असून तेथे १५ मीटर रबर आणि १०० मीटर दोरी यांच्या ताणावर मॉडेल वर चढते. एफ५जे प्रकारात विजेवर चालणारी मोटर मॉडेलला वर नेते व पुढचे सारे उड्डाण मोटर बंद ठेवून करायचे असते. एफ३एफ म्हणजे डोंगरउतारावरील शर्यत: १०० मीटरच्या अंतरात दहा खेपा, आणि कमीत कमी वेळ घेणारा विजयी.

नवोदिताने एफ३के किंवा एफ३एलपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटर नसते, बॅटरी लहान असते, वेग कमी असतो. शिवाय दीड मीटरचे मॉडेल पिशवीत घालून, गर्दीची वेळ टाळून, लोकलच्या मालडब्यातून नेता येते. चार मीटर पंखांच्या एफ५जे मॉडेलला तीन तुकडे करूनही गाडीच लागते.

एफ३एफचे आकर्षण सह्याद्री जवळ असल्यामुळे आपल्याकडे स्वाभाविक आहे, परंतु कामशेतसारख्या ठिकाणी त्याच उतारावर माणसे पॅराग्लायडिंग करत असतात. एकही पॅराग्लायडर हवेत असताना तेथे मॉडेल सोडू नये. शर्यतीसाठी बॅलास्ट भरलेले दोन-तीन किलोंचे कार्बनचे मॉडेल माणसाला लागले, तर दंडाच्या गुणांची चर्चा करायला कोणी उरत नाही.

३. रेडिओ आणि मॉडेल खरेदी करताना

रेडिओसाठी २.४ गिगाहर्ट्झचा संचच घ्यावा. भारतात हा पट्टा परवानामुक्त आहे. परदेशी दुकानांतून स्वस्तात मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे लांब पल्ल्याचे संच आपल्याकडे मुक्त पट्ट्यात येत नाहीत. ग्लायडर डोळ्यांसमोरच उडवायचा असल्यामुळे त्या पल्ल्याची गरजही नसते. परदेशातून थेट ट्रान्समीटर मागवला तर तो सीमाशुल्क विभागात अडकण्याची शक्यता धरून चालावे. वायर, कनेक्टर, सोल्डर आणि चार्जरचे सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

एक तांत्रिक सापळा सांगण्याजोगा आहे. कार्बन फायबर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवते. म्हणून चांगल्या मॉडेलांचे नाक काचतंतू किंवा केव्हलरचे बनवतात आणि रिसीव्हर तेथे बसतो. जुने, पूर्ण कार्बनचे धड स्वस्तात मिळाले तर अँटेनाची दोन्ही टोके बाहेर काढावीत व ती एकमेकींशी काटकोनात ठेवावीत. जमिनीवर सारे सुरळीत वाटते आणि मॉडेल दूर जाऊन वळले, धड मध्ये आले, की संपर्क तुटतो. दोष मात्र रेडिओला दिला जातो.

४. साहित्यावरचे वाद, आणि त्यांत कोणती बाजू घ्यावी

मैदानावर चहाच्या वेळी सर्वाधिक तापणारा विषय हाच. नवोदिताला हे वाद पैशांचे किंवा हौसेचे वाटतात. त्यांच्या मुळाशी बहुधा दोन प्रश्न असतात: कौशल्य माणसाचे की यंत्राचे, आणि मॉडेल खाली येताना जवळ उभ्या असलेल्या माणसाचे काय?

पहिला वाद उंचीमापकाचा. एफ५जेमध्ये मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते. मॉडेलमधील नोंदयंत्र मोटर बंद झाल्यानंतरच्या १० सेकंदांपर्यंत गाठलेली सर्वाधिक उंची टिपते, आणि त्या उंचीसाठी गुण कापले जातात: २०० मीटरपर्यंत प्रत्येक मीटरला अर्धा गुण, त्यापुढे प्रत्येक मीटरला ३ गुण. हवेतल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण मिळतो, म्हणजे १२० मीटरवर मोटर बंद करणाऱ्याने ६० गुण आधीच खर्च केलेले असतात. २१० मीटरवर बंद करणाऱ्याने १३०. दुसरी पद्धत अमेरिकेत रुजलेली, जिच्यात ठरलेल्या उंचीवर, बहुधा २०० मीटरवर, यंत्रच मोटर बंद करते आणि सर्वांना सारखी सुरुवात मिळते. अनेक नवोदितांना दुसरी पद्धत न्याय्य वाटते. मला पहिली अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात उंचीचा मोह वैमानिकाला स्वतः आवरावा लागतो आणि मॉडेले एकाच पातळीवर गोळा होत नाहीत. एकाच उंचीवर सोडलेली आठ-दहा मॉडेले एकाच थर्मलकडे, म्हणजे तापून वर जाणाऱ्या हवेकडे, धावली की हवेतल्या टकरीची शक्यता वाढते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट मात्र समान आहे. उंचीचा हा हिशेब १२० मीटरच्या हरित मर्यादेला जुमानत नाही. मोटर शंभर मीटरवर बंद केली तरी चांगला थर्मल मॉडेलला दुप्पट उंचीवर सहज नेतो. म्हणून वरच्या उंचीची परवानगी नसलेल्या मैदानावर एफ५जेचा सराव करताना उंचीचा इशारा लावावा आणि स्पॉयलर किंवा बटरफ्लाय हे पंखावरचे ब्रेक उघडून खाली येण्याची सवय करावी.

येथून दुसरा वाद सुरू होतो, टेलिमेट्रीचा. आधुनिक ट्रान्समीटर मॉडेलची उंची, चढण्या-उतरण्याचा वेग, सारे आवाजात सांगतात. एफएआयच्या एफ३के आणि एफ५जे स्पर्धांत उड्डाणादरम्यान अशी माहिती घेण्यास मनाई आहे. रिसीव्हरची बॅटरी आणि सिग्नलची ताकद एवढीच माहिती सुरक्षेसाठी चालते. ही सीमारेषा मला पटते. बॅटरी बसत आली हे कळल्याने अपघात टळतो, थर्मल कोठे आहे हे यंत्राकडून कळल्याने फक्त खेळ बिघडतो. सरावात लावलेला उंचीचा इशारा स्पर्धेच्या आदल्या रात्री आठवणीने काढून टाकावा, अन्यथा भर उड्डाणात ट्रान्समीटर बोलू लागतो आणि पंचांपुढे खुलासे करत बसावे लागते. चढण्या-उतरण्याचा वेग सांगणाऱ्या व्हेरिओमीटरवर बंदी असली तरी घारींकडे पाहण्यावर नाही. आपल्याकडे घारींची वाण नाही. पंख न हलवता एकाच जागी गिरक्या घेत चढणारी घार दिसली, की तेथे वर जाणारी हवा आहे. दुपारी समुद्रावरचा वारा आत शिरला की किनाऱ्याजवळचे थर्मल विस्कटतात, म्हणून सरावाची वेळ सकाळी उशिराची ठेवावी.

जायरोचा वाद छोटा आहे. बाजारातल्या अनेक फोम मॉडेलांत रिसीव्हरमध्येच स्थिरता देणारा जायरो असतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. शिकताना तो ठेवावा, त्याने मॉडेल आणि माणसे दोन्ही वाचतात. स्पर्धेला मात्र साधा रिसीव्हर बसवावा. ‘बंद केला आहे’ हे पंचांना पटवून देण्यापेक्षा ते सोपे.

सर्वांत कडवा वाद उतरण्याचा. एफ५जेमध्ये ठरलेल्या बिंदूपासून एका मीटरच्या आत उतरले तर ५० गुण मिळतात व पुढे प्रत्येक मीटरमागे पाच गुण कमी होत जातात. त्या गुणांसाठी काही जण मॉडेल शेवटच्या क्षणी नाकावर जमिनीत खुपसतात. अमेरिकेतील काही स्पर्धांत नाकाखाली दातेरी पट्टी लावू देतात, जेणेकरून मॉडेल टेकले की जागीच थांबावे. एफएआयच्या नियमांत खिळा, करवतीसारखे दाते किंवा तत्सम रोधक लावण्यास मनाई आहे. पट्टीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिच्याशिवाय मॉडेल घसरत जाऊन वेळ नोंदवणाऱ्याच्या पायांवर आदळते. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, पट्टी असली की वैमानिक अधिक वेगाने खाली येतो, आणि तोच दातेरी भाग कोणाला लागला तर इजा गंभीर होते. मी दुसऱ्या बाजूचा आहे. घसरणारे मॉडेल वेग कमी ठेवून आणि ब्रेक वेळेवर उघडून थांबवता येते. नांगरलेल्या कठीण जमिनीवर वेगाने खुपसलेले मॉडेल कोणत्या दिशेला उसळेल हे सांगता येत नाही. नाकाच्या टोकाची गोलाई किती असावी हेही नियमात दिलेले असते, एफ३केसाठी ती किमान ५ मिलिमीटर त्रिज्येची आहे. दुरुस्तीत नाकाला इपॉक्सीचा थर चढवून ते तासताना टोक अणकुचीदार होते, तेव्हा तपासणीला जाण्यापूर्वी ते मोजून घ्यावे.

बॅलास्टबद्दल दोनच गोष्टी. तो मॉडेलच्या आत आणि घट्ट बसवलेला असावा, व तो घातल्यावर गुरुत्वमध्य सरकला नाही याची बोटांवर तोलून खात्री करावी.

५. आदल्या दिवशी घरी

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी भरताना घराबाहेर जाऊ नये, आणि चार्जर लाकडी कपाटात न ठेवता फरशीवर ठेवावा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या पुढे जाता कामा नये. फुगलेली बॅटरी ‘एकदाच वापरतो’ म्हणून वापरू नये. खारट दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर चढतो, म्हणून पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी सर्व कनेक्टर उघडून पाहावेत आणि सर्व्होच्या, म्हणजे नियंत्रणे हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, आर्मचा स्क्रू हाताने पारखावा.

फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर मॉडेलने काय करावे याची आधी ठरवलेली सोय, घरीच तपासता येतो आणि तो घरीच तपासावा. प्रोपेलर काढावा, मॉडेल चालू करावे, मोटर थोडी फिरवावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. शिवाय ब्रेक थोडे उघडून रडर (शेपटीवरचे सुकाणू) किंचित वळलेला राहील असे ठरवावे, म्हणजे संपर्क तुटलेले मॉडेल सरळ गावाकडे निघून न जाता जागेवरच फेऱ्या घेत उतरते. कारखान्यातून आलेल्या अनेक संचांत संपर्क तुटल्यावर शेवटची आज्ञा कायम राहते; ग्लायडरसाठी याहून वाईट सोय नाही.

धडाच्या आत आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. शेतात सापडलेले मॉडेल परत मिळते ते तिच्यामुळे.

६. मैदानावर, ठरलेल्या क्रमाने

प्रथम ट्रान्समीटर चालू करावा, मगच मॉडेल. बंद करताना उलट. मॉडेलची निवड ट्रान्समीटरच्या पडद्यावर वाचून खात्री करावी. मग एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची, दिशा: उजवी काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर गेला पाहिजे. गोंधळ होत असेल तर काठी जिकडे न्याल त्या बाजूच्या हाताचा अंगठा वर करावा. अंगठा ज्या बाजूला उभा, त्याच बाजूचा एलेरॉन वर. दुरुस्तीनंतर सर्व्होच्या तारा अदलाबदल झालेली मॉडेले पहिल्याच फेकीत जमिनीवर येतात, ती ही साधी पारख न केल्यामुळे. त्यानंतर ट्रान्समीटर रेंज चेकवर, म्हणजे कमी ताकदीवर, ठेवून, कंपनीने सांगितलेल्या अंतरापर्यंत चालत जाऊन, सहकाऱ्याकडून सर्व नियंत्रणे हलताना पाहून घ्यावीत.

मोटर असलेल्या मॉडेलमध्ये घडी होणारे प्रोपेलर शांत दिसते, पण बॅटरी जोडल्याच्या क्षणापासून ते चालू असल्यासारखेच वागवावे. बॅटरी फेकीच्या जागेजवळ जोडावी, तंबूत नाही, आणि जोडताना शरीर प्रोपेलरच्या रेषेत व पुढे नसावे.

एफ३केमध्ये गिरकी घेण्याआधी मागे वळून पाहावे आणि मोठ्याने सांगावे. मॉडेल सुटताना त्याचा वेग पुष्कळ असतो, आणि फेकणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे वर असते, शेजारच्या माणसाकडे नाही. एफ३एलमध्ये रबराची खुंटी जमिनीत खोल व मागे झुकवून ठोकावी, आणि ताणलेल्या रबराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. संक्रांतीच्या आसपास मांजा हवेत आणि झाडांवर दोन्हीकडे असतो, म्हणून त्या दिवसांत दोरीवरचे उड्डाण मी टाळतो.

थर्मलमध्ये जो आधी शिरला त्याची फिरण्याची दिशा बाकीच्यांनी घ्यावी. आपला मदतनीस आपल्या मॉडेलकडे नव्हे, तर आसपासच्या मॉडेलांकडे पाहतो, हे त्याला आधीच सांगावे. नवखा मदतनीस हटकून आपलेच मॉडेल पाहत बसतो.

७. दंड आणि हरकती

प्रत्येक मैदानावर आयोजक सुरक्षा क्षेत्र आणि सुरक्षा रेषा आखतात. सकाळच्या सूचनांच्या वेळी त्या खांब किंवा झेंड्यांच्या संदर्भाने स्वतः चालत जाऊन पाहाव्यात, कारण दूर गेलेले मॉडेल रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे डोळ्यांना फसवते. एफ५जेसारख्या प्रकारांत दंडाचे गुण अंतिम बेरजेतून वजा होतात. सर्वांत वाईट फेरी वगळली गेली तरी त्या फेरीतला दंड वगळला जात नाही. म्हणजे उतरताना एखादा माणूस वाटेत आला तर बिंदूचे ५० गुण सोडून मॉडेल दूर वळवणे हिशेबानेही फायद्याचे ठरते. एफ५जेमध्ये मोटर पुन्हा सुरू केली तर त्या उड्डाणाचे गुण शून्य होतात. तरीही मॉडेल लोकांच्या दिशेने जात असेल तर शून्य पत्करून मोटर सुरू करावी.

निर्णय चुकला असे वाटले तर वेळ नोंदवणाऱ्याशी हुज्जत घालू नये. स्पर्धा संचालकाकडे आधी तोंडी विचारणा करावी, आणि समाधान झाले नाही तर मुदतीत लेखी हरकत शुल्कासह द्यावी. हरकत मान्य झाली तर शुल्क परत मिळते. हरकतीसोबत नोंदयंत्रातील उड्डाणाची नोंद जोडायची असेल, तर ती पुढच्या फेरीसाठी यंत्र पुन्हा चालू करण्यापूर्वीच उतरवून घ्यावी.